दिवाणखान्यातला लोखंडी रस्ता

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ डोंबिवलीस पूर्वेच्या बाजूला राहतात. मुंबईच्या एका कचेरीत त्यांनी चौतीस वर्षे कारकुनी केली, आणि रविवार, सणवार व आजारपणाचे दिवस वजा जाता, त्या चौतीस वर्षांतली प्रत्येक सकाळ व प्रत्येक संध्याकाळ त्यांनी लोकलच्या दारात, बहुधा एका पायावर उभे राहून काढली. अशा मनुष्याला पेन्शन सुरू होताच आगगाडीचे नावदेखील नकोसे व्हावे, रुळांचा खडखडाट कानी पडताच त्याने खिडकी लावून घ्यावी, असे कोणासही वाटेल. घडले ते अगदी विपरीत. पेन्शनीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी सुताराकडून आठ फूट लांब व चार फूट रुंद अशी फळी करून घेतली, तिच्यावर बुचाचा पातळ थर चिकटवला, त्यावर बोटभर रुंदीचे रूळ अंथरले, आणि दिवाणखान्याचा निम्मा भाग अडवणाऱ्या त्या मुलुखात ते रात्री जेवणे आटोपल्यावर गाड्या सोडू लागले. जन्मभर गाडीला लोंबकळलात तेवढ्याने भागले नाही, म्हणून आता गाडी घरात आणलीत, असा त्यांच्या सौभाग्यवतींचा अभिप्राय आहे, आणि तो ऐकवण्यासाठी त्या पाहुण्यांची वाट पाहत असतात.

हा अभिप्राय अन्यायाचा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आगगाडीचे जुने दफ्तर उलगडून पाहिले, तर निकाल गृहस्थांच्या बाजूने लागण्याचा संभव अधिक. कारण ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यातल्या आम्हां लोकांना आगगाडी ही सदैव कामाची, नाइलाजाची आणि धक्काबुक्कीची वस्तू वाटत आली असली, तरी या मुलुखात ती प्रथम अवतरली ती काही कोणाला कामावर पोहोचवण्यासाठी नव्हे. ती हौसेची गाडी होती. उपयोग तिच्या मागाहून आला.

शनिवार, दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदराहून जी गाडी सुटली, तिला १४ डबे होते, आत सुमारे ४०० निमंत्रित होते आणि पुढे 'साहिब', 'सिंध' व 'सुलतान' या नावांची तीन इंजिने जोडलेली होती. सुटताना २१ तोफांची सलामी झाली, बँड वाजला, आणि वाटेत शिवेला इंजिनांना पाणी पाजून ती तास-सव्वा तासात ३४ किलोमीटरांवरच्या ठाण्यास येऊन पोहोचली. ठाण्यास या मंडळींचे काय काम होते? कोणाचा खटला कलेक्टरच्या कचेरीत नव्हता, कोणाचे भात किंवा मीठ वखारीत अडकलेले नव्हते. ठाण्यास तंबू ठोकलेले होते, त्यांत फराळाची व्यवस्था होती. मंडळींनी खाल्ले, प्यायले, भाषणे ऐकली, आणि आली तशी परत गेली. जाऊन परत येणे एवढाच ज्या प्रवासाचा हेतू, त्याला आपण सहल म्हणतो. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र या समारंभाला हजर नव्हते. उन्हाळ्याच्या काहिलीला कंटाळून ते आधीच थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते, म्हणजे त्यांची हौस निराळी होती इतकेच. पुढची हकीकत तर याहून बोलकी आहे. दुसऱ्या दिवशी सर जमशेटजी जिजीभाई यांनी सबंध गाडी आपल्या कुटुंबीयांसाठी राखून ठेवली आणि लेकीसुनांसह ठाण्याची फेरी केली, असे सांगतात. निव्वळ गाडीत बसण्यासाठी गाडीत बसणारा या देशातला पहिला रेल्वेप्रेमी म्हणून जर कोणाच्या गळ्यात हार घालायचा असेल, तर तो या पारशी बॅरोनेटाच्या घालावा.

याचा अर्थ लोखंडी रस्ता गंमत म्हणून घातला गेला, असा नव्हे. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क भांडुपास गेले असता मुंबईपासून कुर्ला, ठाणे आणि तेथून थळ व भोर या दोन घाटांपर्यंत रूळ नेण्याची कल्पना त्यांना सुचली, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर सह्याद्रीपलीकडचा माल होता. आणि पुढे १ ऑगस्ट १८४९ रोजी विलायतेच्या पार्लमेंटाने ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा कायदा मंजूर केला तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस स्वस्तात व वेळेवर मिळावा, हा हिशेब त्यामागे अगदी उघड होता. भागधारकांना शेकडा ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली, आणि ती अर्थातच येथल्या रयतेच्या महसुलातून. नाना शंकरशेट, जमशेटजी यांच्यासारख्या मुंबईच्या धुरीणांनीही या उद्योगास प्रारंभापासून हातभार लावला. तेव्हा हेतू व्यापाराचा, पैसा हमीचा, पण पहिला दिवस मात्र जत्रेचा, असा हा योग होता. आणि माझी अशी समजूत आहे की ज्या वस्तूचा जन्म जत्रेत झाला तिच्या अंगी जत्रा थोडीशी राहूनच जाते, मग पुढे तिच्यावर कितीही कामाचे ओझे पडो.

ओझे फार लवकर पडले. १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणास पोहोचले. ठाण्याची खाडी ओलांडण्यासाठी दगडी कमानींचे पूल बांधावे लागले आणि पारसिकच्या डोंगराला खाडीच्या काठाकाठाने, मुंब्र्यावरून वळसा घालून वाट काढावी लागली. मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कली यांचे या मार्गावरचे काम आजही ज्यांना डोळसपणे पाहायचे असेल त्यांनी जलद गाडीचा मोह सोडून धीम्या लोकलने जावे, आणि कळव्याच्या पुढे डाव्या हाताला खाडी व उजव्या हाताला डोंगर यांच्यामध्ये गाडी कशी अंग चोरून चालते ते पाहावे. १९१६ साली पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाला आणि घाईच्या गाड्यांनी वळसा सोडून डोंगराच्या पोटातून जाण्यास आरंभ केला. त्या काळोखात शिरताच डब्यातली सगळी माणसे क्षणभर गप्प होत आणि बाहेर पडताच खंडित झालेले वाक्य जेथल्या तेथून पुढे चालू होई, हा अनुभव दोन-तीन पिढ्यांनी घेतलेला आहे. पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून जलद लोकलही मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या, आणि बोगदा मेल-एक्सप्रेसच्या वाट्यास गेला. म्हणजे १८५४ साली बर्कलीने जी दिशा धरली होती, तिच्याकडेच शंभराहून अधिक वर्षांनी रोजचा उतारू परतला आहे. त्याला मात्र हे कोणी सांगितलेले नाही.

कल्याण हे गाव सातवाहनांच्या काळापासून बंदर म्हणून ज्ञात आहे, आणि ज्या गावी पूर्वी गलबतांचे तांडे लागत, त्या गावी आता रुळांचे दोन फाटे फुटले. एक उत्तरेकडे, १८५५ च्या ऑक्टोबरात वासिंदपर्यंत, पुढे १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीपर्यंत. दुसरा आग्नेयेस, १८५६ च्या मे महिन्यात खोपोलीपर्यंत. या दुसऱ्या फाट्यावर काही वर्षे मोठी मौजेची स्थिती होती. १८५८ साली खंडाळा ते पुणे रूळ झाले, खालून खोपोलीपर्यंत होतेच, परंतु मधला घाट रिकामा. त्यामुळे उतारूने खोपोलीस उतरावे, पालखीत वा तट्टावर बसून घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसावे, असा क्रम १८६३ साली भोरघाटाचा मार्ग खुला होईपर्यंत चालला. त्या घाटाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. पटकी, ताप आणि अपघात यांनी त्यांतले कैक हजार गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हे येथे येऊन थोड्याच काळात १८५९ साली वारले, आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी तो ठेका माघारी न देता आपल्या देखरेखीखाली तडीस नेला. मेलेल्या मजुरांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. घाटात सहलीला जाणाऱ्या माझ्यासारख्या हौशी माणसाने निदान एवढी गोष्ट मनाशी ठेवून मग फोटो काढावेत.

डोंबिवली या सगळ्या घडामोडींत कोठे होती? ती नव्हतीच, म्हणजे गाव होते, स्थानक नव्हते. रूळ जवळून गेल्यावर तब्बल तेहतीस वर्षांनी, १८८७ साली, गाडी येथे थांबू लागली. ज्या शहराला आज लोकलवाचून श्वास घेता येत नाही, त्याच्या अंगणातून एक पिढीभर गाडी न थांबता धडधडत जात होती. डोंबिवलीकराला गाडी पकडण्याची जी घाई आहे तिचे मूळ या तेहतीस वर्षांच्या ताटकळण्यात असावे, असे विनोदाने म्हणता येईल.

आमच्या भागाचा खरा रेल्वे-वैभवकाळ मात्र वाफेचा नसून विजेचा आहे, असे माझे मत आहे, आणि वाफेच्या भक्तांनी त्याबद्दल मला क्षमा करावी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर १५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर पहिली विजेची गाडी धावली, आणि पुढल्या चार-पाच वर्षांत तारा कल्याण ओलांडून दोन्ही घाट चढून गेल्या. एवढी वीज आणायची कोठून? कंपनीने ती स्वतःच करायचे ठरवले, आणि डोंबिवली व कल्याण यांच्या मधोमध, ठाकुर्लीस, उल्हासच्या खाडीलगत चोळ्याचे वीजघर १९२९ च्या सुमारास उभे राहिले. साठ वर्षांच्या आसपास ते धुमसत राहिले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस विझले. डोंबिवलीच्या पश्चिमेकडील बावन चाळीसारख्या रेल्वे वसाहतींत वाढलेल्या मुलांना गाडी ही वेळापत्रकातली वस्तू नव्हती. बाप फिटर, काका खलाशी, शेजारी सांधेवाला, अशा घरांत इंजिनाची चर्चा पिठामिठाच्या चर्चेइतकी सहज होत असे. कल्याणच्या लोकोशेडात कोणते इंजिन आले, कोणते निकालात निघाले, याची खबर या मुलांना अधिकाऱ्यांच्या आधी असे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती थोडीच होईल.

त्या शेडातले सर्वांत लाडके इंजिन म्हणजे 'खेकडा'. १९२८ च्या सुमारास घाटातल्या मालगाड्यांसाठी आलेली ही इंजिने. पहिली दहा स्वित्झर्लंडातील विंटरथूरच्या कारखान्यातली, बाकीची विलायतेतल्या व्हल्कन फाउंड्रीची, एकूण ४१. धड मध्ये उंच, दोन्ही टोकांस लांबट ठेंगणी नाके, तिन्ही भाग बिजागरीसारखे जोडलेले, त्यामुळे वळणावर सबंध इंजिन अंग मुडपून जाई. आणि चाकांना बाहेरून जोडलेल्या दांड्या अशा हलत की खरोखरच एखादा प्रचंड खेकडा रुळावरून चालला आहे असे वाटावे. स्वित्झर्लंडात याच घराण्यातल्या इंजिनाला 'मगर' म्हणतात. आल्प्समधल्या लोकांना मगर सुचावी आणि कोकणाच्या तोंडाशी राहणाऱ्यांना खेकडा सुचावा, यात नामकरणाची एक स्वाभाविक शहाणीव आहे: खेकडा आमच्या ओढ्यात असतो, मगरीने आल्प्स कधी पाहिले कोण जाणे. जर्मनीतल्या मार्क्लिन या खेळण्यांच्या कंपनीने या स्विस मगरीची लहान प्रतिकृती काढली आणि ती जगभरच्या छांदिष्टांच्या कपाटातले मानाचे रत्न होऊन बसली. ज्या फळीपासून हा लेख सुरू झाला, तिच्यावरही एक मगर आहे. पुतण्याने परदेशातून आणली. गृहस्थांनी तिला लालसर तपकिरी रंग दिला, नाकावर हाताने देवनागरीत आकडा घातला, आणि तेव्हापासून घरात तिला खेकडा म्हणतात.

येथे छंदाच्या इतिहासाकडे वळणे भाग आहे. यंत्राची हुबेहूब लहान प्रतिमा करून ती चालवण्याची ही हौस युरोपात कंपन्यांच्या व्यापारातून फोफावली. मार्क्लिनने १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत रुळांची ठरीव मापे मांडली, विलायतेत हॉर्नबीच्या गाड्या १९२० पासून निघू लागल्या, आणि दुकानात जाऊन इंजिन, डबे, सांधे, स्थानक असे सुटे सुटे विकत आणून जोडत जाण्याची सोय झाली. आमच्याकडे ती सोय थोड्या श्रीमंत घरांपलीकडे कधी पोहोचली नाही. स्वातंत्र्यानंतर आयातीवर परवान्यांचे इतके कडे बसले की परदेशी खेळण्याचे इंजिन म्हणजे बोटीवर नोकरीला असलेल्या एखाद्या आप्ताच्या ट्रंकेतून येणारी अपूर्वाई. म्हणून ठाण्या-कल्याणकडे जो छंद रुजला तो विकत घेण्याचा नव्हे, करण्याचा. आणि करण्याची परंपरा आमच्याजवळ होती. दिवाळीत अंगणात माती-विटांचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारे, बुरुज, तट, पायऱ्या, विहीर यांची प्रमाणे बिनचूक साधली नाहीत तर रुसून बसणारे पोर हे प्रतिकृतिकाराचेच पोर होय. किल्ल्याच्या पायथ्याशी बोगदा काढून त्यातून चावीची आगगाडी नेण्याचा कालविपर्यास ज्याने बालपणी केला नाही असा कल्याणकर विरळा. शिवाजीमहाराज वरती सिंहासनावर, आणि खाली कसारा लोकल. गणपतीच्या आरासीतही हेच. घाट, बोगदा, धबधबा आणि मूर्तीभोवती फेऱ्या घालणारी गाडी हा देखावा घरोघर इतक्यांदा झाला आहे की त्याला आता पारंपरिकच म्हटले पाहिजे. पूर्वी तो पुठ्ठा आणि लाकडाचा असे, पुढे थर्माकोलचा झाला, आणि थर्माकोलवर राज्यात बंदी आल्यापासून पुन्हा पुठ्ठ्याकडे वळला. मोटर, तारा, दिवे लॅमिंग्टन रोडवरून; चाके बऱ्याचदा मोडक्या खेळण्यांची; आणि डब्याचे छत पत्र्याच्या डब्याचे झाकण कापून.

पण या छंदातला खरा पेच कौशल्याचा नाही, मापाचा आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून या मंडळींच्या चर्चा परक्याला वेडगळ वाटतील. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या लहान मापात मूळ वस्तूचा ८७ वा हिस्सा धरतात आणि रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर ठेवतात. कारण युरोप-अमेरिकेतले खरे रूळ १४३५ मिलिमीटर अंतरावर असतात, आणि त्याला ८७ ने भागले की साडेसोळा येतात. आमचे रूळ मात्र साडेपाच फुटी, १६७६ मिलिमीटर. ८७ ने भागा, उत्तर सव्वाएकोणीसच्या पुढे जाते. म्हणजे विलायती रुळावर आमची लोकल त्याच मापात उभी केली, तर ती अरुंद पायवाटेवर उभ्या केलेल्या गलेलठ्ठ इसमासारखी दिसते. यावर तोडगे दोन. एक, रूळ स्वतः ओतून सव्वाएकोणीस मिलिमीटरांवर बसवायचे, म्हणजे प्रत्येक सांधा, प्रत्येक आस हाताने घडवायचा. हा मार्ग तपस्व्यांचा. दुसरा, रूळ बाजारातलेच ठेवून माप बदलायचे: १६७६ ला साडेसोळाने भागले तर १०१ आणि वर थोडे येते, तेव्हा वस्तूचा शंभरावा हिस्सा धरला की साडेसोळाचे रूळ भारतीय रुंदमापी ठरतात, चूक इतकी सूक्ष्म की डोळ्याला दिसत नाही. गृहस्थांनी हा दुसरा मार्ग पत्करला. खेकडा तेवढा या हिशेबात किंचित थोराड पडतो. लाडक्या मुलाला पंक्तीत सूट असते. शंभर ही संख्या कारकुनास सोयीची, मीटराचा सेंटिमीटर होतो, आणि सगळा हिशेब डोक्यात करता येतो, हे त्यांचे समर्थन. गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत रुळांच्या रुंदीबाबत घेतलेला एक निर्णय डोंबिवलीच्या दिवाणखान्यातल्या फळीवर येऊन असा ठाकतो.

ज्यांना फळीएवढी जागाही नाही, त्यांच्यासाठी पुण्याची वाट आहे. कोथरुडास भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या खटाटोपातून उभे केलेले लहान रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सर्वांस खुले झाले. सिग्नल, कुंपणे, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल यांसह एक सबंध नगर तेथे आहे, आणि वाफेच्या गाडीपासून अतिवेगवान गाडीपर्यंत सर्व प्रकार नियंत्रणाच्या एका मेजावरून चालवून दाखवतात. डोंबिवलीची मंडळी सकाळच्या गाडीने जाऊन हे पाहून संध्याकाळी परत येतात. त्याच पुण्यात पेशवे उद्यानात १९५६ पासून फुलराणी ही मुलांची गाडी धावली, आणि आमच्या बाजूच्या कित्येक मुलांनी आजोळी गेल्यावर तिच्यात बसून पहिला प्रवास केला. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ चे. तेथे जाऊन आमच्याच मार्गावर झिजलेली इंजिने उत्तर हिंदुस्थानच्या उन्हात रंग लावून उभी असलेली पाहताना कल्याणकराला थोडेसे परदेशी गेलेल्या मुलीला भेटल्यासारखे होते.

सहलीच्या दृष्टीने मात्र आमच्या जिल्ह्याचे भाग्य थोर, कारण माथेरान हाताशी आहे. हे ठिकाण इंग्रजांच्या नकाशावर आणले तेच मुळी ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी, १८५० साली. आणि तेथवर लोखंडी रस्ता नेला तो मुंबईच्या पीरभॉय घराण्याने. सर आदमजी यांचा पैसा, सुमारे १६ लाख रुपये, आणि चिरंजीव अब्दुल हुसेन यांचा ध्यास, यांतून १९०४ ते १९०७ या तीन वर्षांत नेरळपासून वर वीस-एकवीस किलोमीटरांचा दोन फुटी मार्ग झाला. बार्शी लाइट रेल्वे बांधणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सल्ला त्याला होता, आणि घाटात गाडी उलटी-सुलटी करावी लागू नये म्हणून घोड्याच्या नालासारखी वळणे काढण्याची युक्ती करण्यात आली. वीस फुटांस एक फूट असा चढ आणि असली वळणे यांवर साधे इंजिन टिकेना, म्हणून ज्यांचे टोकाचे आस वळणाबरोबर आडवे सरकतात अशी इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कॉप्पेल कंपनीकडून आणवली. १९८२ पर्यंत ती वाफेवर चालली. त्यांतले एक नेरळास उभे आहे, एक दिल्लीच्या संग्रहालयात गेले, एक थेट इंग्लंडात पोहोचले. 'वन किस' या नावाने प्रसिद्ध असलेला बोगदा किती लहान आहे हे नावावरूनच कळते. मुलांना त्याचा अर्थ सांगताना आजोबांची तारांबळ उडते. २००५ च्या प्रलयी पावसाने हा मार्ग वाहून नेला तेव्हा तो पुन्हा होणार नाही असेच पुष्कळांना वाटले. दोन वर्षांनी तो पुन्हा सुरू झाला. या मार्गावर गाडीला उशीर झाला म्हणून चिडणारा उतारू मी अद्याप पाहिलेला नाही, आणि तोच उतारू सोमवारी सकाळी ठाण्यास चार मिनिटांच्या उशिरासाठी स्टेशनमास्तरच्या सात पिढ्या उद्धरतो.

माथेरानपलीकडे जाणारे थोडे असतात, पण चिवट असतात. त्यांना भोरघाटातला जुना उलटसुलट फाटा शोधायचा असतो. १८६३ च्या मार्गात एका कड्यावर जागाच नसल्याने गाडी तेथे थांबे, इंजिन मागचे पुढे येई आणि गाडी शेपटाकडून चढू लागे. विद्युतीकरणाच्या सुमारास, १९२९-३० कडे, नवे बोगदे खोदून हा द्राविडी प्राणायाम बंद करण्यात आला. जुन्या मार्गाच्या दगडी कमानी द्रुतगती महामार्गावरून क्षणभर दिसतात; शेजारचा अमृतांजन पूल २०२० साली पाडण्यात आला, त्या आधी त्याच्यावर उभे राहून ही मंडळी फोटो काढीत. पाचोरा-जामनेरची अरुंदमापी गाडी चालू होती तोवर कोणी तिच्यासाठी खानदेश गाठत असे, कोणी वऱ्हाडच्या शकुंतला या गाडीचे रूळ गवतात शोधतो. १९५३ च्या शताब्दीचे दोन आण्यांचे टपालतिकीट, एका बाजूस १८५३ चे इंजिन व दुसऱ्या बाजूस १९५३ चे, कोणाच्या पाकिटात जपून ठेवलेले असते. आणि दर १ जूनला पुण्याच्या स्थानकावर डेक्कन क्वीनचा वाढदिवस केक कापून होतो, कारण ती १९३० साली त्या दिवशी निघाली, आणि अगदी प्रारंभी तर ती मुंबईहून नव्हे, कल्याणहून सुटत असे. कल्याणकर ही गोष्ट संभाषणात दोनदा तरी सांगतो.

या मंडळींना शोक करण्याचीही कला आहे. देशातले रुंदमापी वाफेचे शेवटचे नियमित इंजिन १९९५ च्या डिसेंबरात पंजाबात विझले, तेव्हा येथे कोणी फारसे हळहळले नसेल. परंतु ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर एकदिश प्रवाहावरची शेवटची लोकल धावली, ९१ वर्षांचा तो १५०० व्होल्टांचा अध्याय मिटला, तेव्हा गर्दीच्या वेळी ज्या गाडीला शिव्या घातल्या त्याच गाडीच्या निरोपाला माणसे मुद्दाम जागली. तिच्या मोटरचा सुटताना होणारा चढता सूर नव्या गाडीला नाही, अशी तक्रार मी स्वतः ऐकली आहे, आणि तक्रार करणाऱ्याने तो सूर तोंडाने काढूनही दाखवला.

गृहस्थांचा सध्याचा बेत मोठा आहे. त्यांना बोरीबंदर ते ठाणे हा १८५३ चा सबंध मार्ग, त्यातल्या खाजणांसह, शेतांसह, तीन इंजिनांसह, शंभराव्या हिश्शात मांडायचा आहे. हिशेब सोपा: ३४ किलोमीटर म्हणजे ३४० मीटर. ही जागा दिवाणखान्यात नाही, इमारतीच्या गच्चीवर नाही, सोसायटीच्या आवारातही नाही. मग त्यांच्या ध्यानात आले की पंधरा डब्यांची लोकल उभी राहते त्या फलाटाची लांबी जवळजवळ एवढीच भरते.

मागल्या एका रविवारी, मेगाब्लॉकमुळे फलाट ओस पडला असता, ते मला बरोबर घेऊन डोंबिवलीच्या स्थानकावर गेले. हातात सुताराचे मोजपट्टीचे गुंडाळे. मुंबईकडच्या टोकाला, पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी, बोरीबंदर. तेथून चाळीस-पंचेचाळीस मीटरांवर, वजनाच्या काट्याजवळ, भायखळा. चहाच्या टपरीच्या थोडे पुढे शीव, म्हणजे इंजिनांनी पाणी घेतले ती जागा. चहावाल्याला हे सांगितले तेव्हा त्याने आम्हांला न विचारता दोन पेले पुढे केले. जिन्याच्या पायथ्याशी कुर्ला. बाकावर एक बाई बाळाला थोपटत बसल्या होत्या तेथे भांडुप, जेथे क्लार्कसाहेबांना ती कल्पना सुचली. मूळच्या वेगाच्या त्याच प्रमाणात चालायचे तर हे अंतर तास-सव्वा तासात कापायला हवे, म्हणून आम्ही फारच हळू चाललो होतो, आणि पोलीस शिपाई दुरून आमच्याकडे संशयाने पाहत होता. ठाणे अजून वीस-पंचवीस मीटर राहिले असेल तोच ब्लॉक संपल्याची घोषणा झाली, कल्याण बाजूच्या वळणावर दिवा दिसला आणि गाडी फलाटात शिरली. दारे भरलेली होती. एका क्षणात माणसे उतरली, आणि ठाण्यापासून थेट बोरीबंदरापर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही. गृहस्थ खांबाला पाठ लावून उभे राहिले, मोजपट्टी गुंडाळून त्यांनी खिशात घातली आणि गर्दी ओसरेपर्यंत आम्ही मुलुंडला थांबलो.